तीन पत्रं आणि माझं मौन

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेची खूण घेऊन चर्चमधून परतताना मी पवित्र मातेला शब्द दिला. माझी मुलगी लेओनोर कुठल्या कॉलेजात जाणार हे तिचं ती ठरवेपर्यंत, त्याबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी दरवर्षी काहीतरी सोडते. एका वर्षी साखर, एका वर्षी दुपारची झोप. यंदा मत सोडलं. आणि ईस्टरला ते परत घ्यायचं नाही, ती ठरवेपर्यंत हे व्रत पाळायचं, असं बोलले.

मी हळू बोलणारी बाई. ओरडणाऱ्याचं बोलणं पोरं कानाआड करतात, हळू बोलणाऱ्याचं मात्र आत जाऊन बसतं. माझी आईही अशीच होती. मी अठरा वर्षांची असताना डेन्व्हरहून नर्सिंगच्या शाळेचं पत्र आलं. ती नुसतं म्हणाली, "लांब आहे गं." मी गेले नाही. माझी तक्रार नाही, देवाने भरभरून दिलं. पण भांडी घासताना कधीतरी नळाच्या पाण्यातून ते शब्द अजून ऐकू येतात.

मार्चअखेर लेओनोरला तीन पत्रं आली. आली संगणकावरच, पण ओनेसिमोने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती छापून आणली आणि फ्रीजवर लोहचुंबकांनी लावली. एक आपल्याच राज्यातल्या शहरातलं, गाडीने दोन तासांवर. दुसरं उत्तरेकडचं, समुद्रासारख्या मोठ्या सरोवराच्या काठचं. तिसरं पार पूर्वेच्या किनाऱ्यावरचं, दोन विमानं बदलून जायचं. तिन्ही ठिकाणी शिष्यवृत्ती होती, त्यामुळे पैशाच्या नावाने निकाल लावायची सोय उरली नव्हती. एक मेपर्यंत एकाला हो म्हणायचं होतं.

माझ्या मनातलं पत्र पहिलं होतं. ते देवाला ठाऊक होतं आणि मला.

मुलीला वकील व्हायचंय. हे खूळ दोन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात शिरलं. वरच्या डोंगरात घरं बांधणाऱ्या एका कंपनीने आमच्या पाटाचं पाणी मागितलं, तेव्हा आमचे पाटकरी, म्हणजे पाण्याच्या पाळ्या लावून देणारे, प्रोकोपिओकाका कोर्टात साक्षीला उभे राहिले. हॅट छातीशी धरून. कंपनीचा वकील विचारायचा, "पाणी नक्की कुणाच्या मालकीचं?" काका सांगायचे, "यंदा पहिली पाळी विधवेची." आमच्याकडे पाण्याला मालक नसतो, पाळी असते, पण लोक हसले. लेओनोर सोळा वर्षांची, मागच्या बाकावरून मोठ्याने म्हणाली, "उत्तर बरोबर आहे, प्रश्न चुकलाय." न्यायाधीशबाईंनी तिला बाहेर काढलं. तो खटला अजून लोंबकळतोय.

"पण कायद्याच्या आधी शिकायचं काय?" ओनेसिमोने जेवताना विचारलं.

"काहीही, बाबा. इतिहास, तत्त्वज्ञान, गणितसुद्धा. चार वर्षं नीट वाचायला नि लिहायला शिकायचं. मग परीक्षा, मग तीन वर्षं कायदा."

"चार वर्षं काहीही शिकायला दोन विमानं?"

"तू गप रे," क्लेओफास म्हणाली. ती लेओनोरची धर्ममाता, शेजारीच राहते, आणि आमच्या जेवणाच्या वेळी तिला नेमकं मीठ संपल्याचं आठवतं. "पोरगी समुद्रावर जाणार. त्या कॉलेजाचं नाव छातीवर छापलेला सदरा मी चर्चला घालून येणार आहे."

"म्हणजे कॉलेज तुझ्या सदऱ्यासाठी निवडायचं?"

"मग काय तुझ्या पाठदुखीसाठी निवडायचं?"

सगळे हसले. लेओनोरही हसली आणि हसता हसता तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि घेवड्याचं पातेलं ढवळायला गेले.

एप्रिलभर असंच चाललं. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे अर्धवट जागेपणीचा महिना. डोंगरावर बर्फ असतं आणि खाली जर्दाळू फुललेले असतात. वारा आला की पांढऱ्या पाकळ्या अंगणात शिरतात, त्या बर्फाच्या की फुलांच्या हे हातात धरेपर्यंत कळत नाही. मी पहाटे मेणबत्ती लावून जपमाळ ओढायची आणि मणी सरकताना मला लेओनोर दिसायची. कधी बर्फाच्या रस्त्याने चाललेली, कधी समुद्राच्या कडेला. प्रत्येक वेळी पाठमोरी. मी हाक मारायला तोंड उघडायची आणि व्रत आठवायची.

लेओनोर माझ्याशी कमी बोलायला लागली. मला वाटलं, विचारात असेल.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी पाट साफ करायचा होता. ज्याची जमीन पाटाखाली आहे त्याच्या घरून एक माणूस फावडं घेऊन आलाच पाहिजे, हा आमचा जुना नेम. ओनेसिमोची पाठ धरलेली, म्हणून लेओनोर गेली. प्रोकोपिओकाका फावड्याच्या दांड्याने पाटाची लांबी मोजतात आणि प्रत्येकाला आपापला तुकडा आखून देतात.

"वकीलबाई, हा तुमचा," काका म्हणाले. "मुळं खोल आहेत. युक्तिवाद करून निघत नाहीत."

"काका, माझा तुकडा शेजारच्यापेक्षा हातभर लांब आहे. हरकत नोंदवून घ्या."

"नोंदवली. आता खणा."

दुपारी मी सगळ्यांसाठी घेवडा, लाल मिरचीचं मटण आणि पोळ्या घेऊन गेले. जेवणं झाली आणि काका वर बांधाकडे पाणी सोडायला गेले. आम्ही सगळे काठाने उभे राहिलो. 

पाणी धावत येत नाही. ते चाचपडत येतं. आधी वाळक्या पानांचा, फेसाचा, काटक्यांचा एक ढीग हळूहळू सरकत येतो, मागून नुसती ओली कुजबुज. कोरड्या तळावर ते थांबतं, भेगा पितात, मग पुन्हा निघतं. आम्ही नेहमी त्याच्या तोंडाबरोबर चालत खालपर्यंत येतो, नवजात बाळाला घरी आणताना चालावं तसे. त्या दिवशी मी आणि लेओनोर सगळ्यांच्या मागे राहिलो. काठच्या कॉटनवुड झाडांच्या कोवळ्या पानांतला हिरवा उजेड तिच्या मातीने भरलेल्या हातांवर हलत होता.

"आई, मी ठरवलंय," ती म्हणाली. "इथलंच. दोन तासांवरचं. बाकीच्या दोघांना नाही म्हणून पत्रं लिहून ठेवलीत, रात्री पाठवीन."

माझ्या छातीत घंटा वाजल्या, खोटं का सांगू. दर रविवारी घरी येईल. तिचे कपडे मी धुवीन. मी मनात पवित्र मातेचे आभार मानायला सुरुवातही केली होती. मग तिचा चेहरा पाहिला. बातमी सांगणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. कामाचा तुकडा संपवून फावडं टेकवलेल्या माणसाचा होता.

तिने ठरवलं होतं, म्हणजे माझं व्रत संपलं होतं. मी बोलू शकत होते.

"का गं?" मी विचारलं.

"का म्हणजे? पूर्वेकडचं पत्र आलं तेव्हा सगळे नाचले, तू खिडकी पुसत बसलीस. क्लेओफासमावशीने सदऱ्याचं काढलं, तू उठून गेलीस. मी तुला तीनदा विचारलं, तू तीनदा जपमाळ हातात घेतलीस. एवढं रागावलेलं मी तुला कधी पाहिलं नाही. तुला सोडून मी असं जाणार नाही."

पाणी आमच्या पुढे गेलं होतं. मी उभीच राहिले. गप्प राहायचं होतं, एवढंच. दोन महिन्यांची सवय होती, आणखी एक रात्र काय अवघड होतं? पत्रं गेली असती आणि मुलगी माझी राहिली असती. मला कुणी विचारलंही नसतं. माझ्या आईला तरी कुणी विचारलं होतं?

"मी रागावले नव्हते," मी म्हणाले. "माझं व्रत होतं."

सगळं सांगितलं. राखेचा बुधवार, दिलेला शब्द, डेन्व्हर, "लांब आहे गं". ती ऐकत राहिली, मग दोन्ही मातकट हात तिने कपाळाला लावले.

"आई! असलं व्रत कुणी घेतं? साखर सोडायचीस ना!"

"साखर सोडून झाली होती."

"मी महिनाभर रडतेय, आणि तू मनात जप करतेयस!"

"चुकलं माझं."

"मग आता सांग. तुला काय वाटतं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. "मला वाटतं तू इथेच राहावंस," मी म्हणाले. "रोज सकाळी हेच वाटतं. जपातसुद्धा मध्ये येतं. पण हे वाटतं ते माझ्यासाठी, लेओनोर. तुझं काय भलं होईल ते मला खरंच कळत नाही, मी कधी गेलेच नाही कुठे."

"मी तर राहतच होते. मग हे सांगतेस कशाला?"

"तू राहत होतीस म्हणूनच."

ती भराभर पुढे चालत गेली. मी तिला जाऊ दिलं. ती पाण्याच्या तोंडापाशी पोहोचली, तिथे एका काटकीने अडलेला पानांचा ढीग तिने पायाने मोकळा केला आणि बराच वेळ त्याच्याबरोबर चालत राहिली. पाठमोरीच होती, पण जपातल्यासारखी अंधूक नव्हती. तिच्या पाठीवरची घामाची खूणसुद्धा मला दिसत होती.

आमच्या शेताच्या फाट्यापाशी ती माझ्यासाठी थांबली होती.

"ज्याचा स्वतःचा फायदा असतो त्याची साक्ष तपासून घ्यावी लागते," ती म्हणाली. डोळे लाल होते, पण ओठाच्या कोपऱ्यात तिचं जुनं हसू होतं. "तुझी ऐकून घेतली. खरी आहे. पण निकाल तिच्यावर लागणार नाही."

"मग?"

"पूर्वेला. कंपनीच्या त्या वकिलाला तसे प्रश्न विचारायला जिथे शिकवतात ते मला बघायचंय. आणि पाण्याचा कायदा शिकायला इथेच येईन, तो इथेच चांगला शिकवतात. चार वर्षं, आई."

"चार वर्षं," मी म्हणाले. आवाज कापला, तो मी कापू दिला.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने संगणक उघडला. ओनेसिमो आणि मी तिच्या मागे उभे. तिने पूर्वेच्या कॉलेजाला हो म्हणायचं बटण दाबलं आणि पडद्यावर अभिनंदनाचे रंगीत कागदांचे तुकडे पडायला लागले.

"एवढंच?" ओनेसिमो म्हणाला. "सही नाही, साक्षीदार नाही? आम्ही खेचर विकताना याहून जास्त कागद करतो." मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही, आणि शेवटी पाण्याची पाळी बघायला हवी म्हणून पाठ धरत बाहेर गेला.

लेओनोर त्या कॉलेजाने दिलेली, सोबत आणायच्या सामानाची यादी मोठ्याने वाचत होती. चादरी, टॉवेल, उशी. मी पुसलेल्या ताटल्या पुन्हा पुसत होते.

"आई, छत्री लिहिलीय. आपल्याकडे आहे का?"

आमच्या उभ्या गावात छत्री नाही. पाऊस क्वचितच येतो, तेव्हा आम्ही त्याच्यात जाऊन उभे राहतो.

"सोमवारी आणू," मी म्हणाले. "मोठी बघून घेऊ."