‘दॅन’च्या पुढं कोण?

मित्रांनो, अकोल्याला कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली खटखटणारा इंग्रजी टाइपरायटर तो मीच. आता म्हातारा झालोय. पण माझ्यातून जे छापलं गेलं, ते आठवलं की अजून धस्स होतं!

माझे मालक इनायतुल्लाभाई. वीस वर्षं आम्ही लोकांचे अर्ज छापले. “इनायतभाईच्या मशीनचा अर्ज वापस येत नाही,” असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचो.

कापसाची पऱ्हाटी बुडायची ती वर्षं. बाहेरगावच्या एका संस्थेनं जाहीर केलं, ज्या गावचं पाणी जास्त खारं, तिथं गोड पाण्याचं यंत्र बसवू. अर्ज इंग्रजीतच हवा होता. खारपाणपट्ट्यातले नत्थुजी धावत आले. त्यांच्या बायकोला, पार्वताबाईंना, डॉक्टरांनी ते खारं पाणी बंद सांगितलं होतं.

“लिहा भाऊ, वरच्या गावापेक्षा आमचं पाणी खारं हाये.”

इनायतभाईंनी ऐकलं त्याच क्रमानं छापलं. आधी वरचं गाव, मग ‘मोअर सॉल्टी दॅन’, मग नत्थुजींचं गाव. मीही ऐटीत ठसे उमटवले.

महिन्यानं उत्तर आलं. यंत्र वरच्या गावाला मंजूर!

“आता हे काय झालं बाप्पा?” नत्थुजींनी ते पत्र इनायतभाईंपुढं धरलं.

इनायतभाईंची मुलगी नगमा अमरावतीला इंग्रजी शिकवते. ती सुट्टीत आली होती. तिनं कार्बन कॉपी वाचली आणि किंचाळलीच, “अब्बा, हे काय केलं तुमी! आपला ‘पेक्षा’ मागच्या शब्दाले चिकटते, ‘दॅन’ पुढच्याले. तुमी वरचंच गाव जास्त खारं करून टाकलं!”

मी हादरलो. अरे देवा, वीस वर्षांत असे किती अर्ज उलटे छापले असतील मी?

इनायतभाईंनी हात जोडले. नगमानं नवा अर्ज लिहून दिला. पाच महिन्यांनी यंत्र बसलं, तेव्हा नत्थुजी आभाराचं पत्र छापायला आले.

“लिहा भाऊ, आता वरच्या गावापेक्षा आमचं पाणी गोड हाये.” मग हळूच म्हणाले, “यंत्र पार्वता गेल्यावर आलं, ते नोका लिहू.”

इनायतभाईंची बोटं ‘दॅन’वर थांबली, मग त्यांनी पुढं एकेक अक्षर जपून वरचं गाव छापलं.

मित्रांनो, मला तेल घालू नका, पुसूही नका. फक्त ‘दॅन’ लिहिलं की क्षणभर थांबा, आणि त्याच्या पुढं कुणाला बसवताय ते बघा.