वर ओढणारा वारा

कनेरगाव नाक्याजवळच्या त्या गावात पत्र्याचं छप्पर असलेली एकच इमारत होती, ती म्हणजे शाळा. आणि तेच छप्पर चैत्रातल्या एका दुपारी वावधानात, म्हणजे वादळी वाऱ्यात, उडून तातेराव पाटलांच्या गोठ्यामागे जाऊन पडलं. ते एकटंच गेलं असतं तर गावानं चार दिवस हसून सोडून दिलं असतं. पण त्याच्यावर वजनाला ठेवलेले धोंडे आत कोसळले, आणि शाळा भरलेली होती. एक धोंडा पाटलांच्या नातीच्या, पेमाच्या पाटीवर आला. पाटीचा चुरा झाला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून ती शाळेचं नाव काढलं की आजीच्या पदराआड लपायची.

धोंडे ठेवायची अक्कल साऱ्या गावाची होती. इथली घरं माळवदाची. दरसाल पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, आणि छप्पर जितकं जड तितकं भरवशाचं, हे इथल्या माणसाच्या हाडीमासी भिनलेलं. हिंगोलीहून बैलगाडीनं जुने पत्रे आले, ते वाशांना ठोकले, वासे भिंतींवर नुसते टेकवले आणि वर ओळीनं धोंडे मांडले. विष्णुपंत मास्तर तेव्हा खाली उभे राहून "छान, छान" म्हणत होते. हैदराबादेत विज्ञान शिकून आलेला माणूस, पण त्या दिवशी सगळं विज्ञान पेटीत कुलूप घालून ठेवलं होतं जणू. आता त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. आपण एका लेकराचा जीव घेतला असता, एवढंच डोक्यात फिरायचं.

तातेराव वाईट माणूस नव्हे. शाळेला जागा त्यांनीच दिलेली. पण पारावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मास्तर, पत्रे मी गोठ्याला घिऊन चाललो. शाळा बंद."

"पाटील, चूक पत्र्याची नाही, आपली आहे," विष्णुपंत म्हणाले. "वारा छपराला नुसता आडवा ढकलतो असं आपण धरून चाललो. तो वरून ओढतो."

"वारा वढतो? आन् त्याला हात कवा फुटले?"

पारावरचे सगळे हसले. विष्णुपंतांना राग आला, पण तो गिळून त्यांनी कागदाची एक पट्टी फाडली, तिचं एक टोक खालच्या ओठाशी धरलं. पट्टी समोर वाकून लोंबत राहिली. मग त्यांनी तिच्या वरच्या अंगावरून फुंकर मारली, तशी पट्टी उचलली जाऊन आडवी झाली.

तातेरावांनी कागद हिसकून घेतला. मिशा सावरून स्वतः फुंकलं. पट्टी उठली. पुन्हा फुंकलं, पुन्हा उठली.

"वरून फुंकलं तं खाली दबाया पायजे," ते पुटपुटले. "हे वर काहून येऊन राहिलं?"

"वारा वाकलेल्या पाठीवरून वळून जातो ना, तिथं तो जोरानं धावतो आणि पाठीवरचा त्याचा दाब कमी पडतो. खालची हवा मात्र होती तशीच. ती वर रेटते. विमानाचे पंख याच्यावरच तरतात. पाठ फुगीर, तोंड जरासं वर. वाऱ्याला खाली वळवायचं आणि आपण वर राहायचं. आपण शाळेवर पंखच बसवला, पाटील, आणि बांधायचं विसरलो."

"मंग आता?"

"धोंडे नकोत. वाशांना तारा बांधू आणि त्या आतून भिंतीला धरून खाली जोत्यात पुरलेल्या दगडांना ताणून घेऊ. वर ओढलं तर धरायला खाली कुणीतरी हवं."

तातेरावांनी बराच वेळ मिशीला पीळ दिला. कागदाला काय, तो फुंकरीनं उडतोच, असंही एकदा म्हणून पाहिलं. शेवटी म्हणाले, "बांधा तारा. पन पुढलं वावधान येईल तवा आत तुमी बसायचं. एकले. छप्पर राह्यलं तं बोलू. न्हाई राह्यलं तं पत्रे गोठ्याला."

मास्तरांनी होकार दिला. तारा बांधताना मात्र त्यांनी प्रत्येक गाठ दोनदोनदा ओढून पाहिली, कारण विद्येवर विश्वास असला तरी डोकं आपलंच फुटायचं होतं.

वैशाखाच्या अखेरीस वावधान आलं. आभाळ मातकट झालं, कडबा रस्त्यावरून पळू लागला. विष्णुपंत शाळेत जाऊन दार लावून बसले. पहिल्याच झोतात पत्रे कडकडले. वासे कुरकुरत होते. तारा ताठ होऊन घुमायला लागल्या. आपण हिशेबात कुठं चुकलो असलो तर, हा विचार येताच ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

इतक्यात दार ढकलून तातेराव आत आले. अंगभर धूळ, डोक्याचा पटका सुटलेला.

"घरी जीव लागंना," ते म्हणाले. "पैज मीच लावली, तुमाला काई झालं तं तोंड कुठं लपवू? चला भाईर."

"पाटील, इकडे या. हात लावा या तारेला."

तातेरावांनी तार मुठीत धरली. झोत आला तशी ती मुठीत थरथरत वर खेचली गेली, झोत सरला तशी सैलावली. ते वर बघत राहिले. पत्रे तडफडत होते, जागचे हलत नव्हते.

"वर वढून राहिलंय," ते हळूच म्हणाले. "बराबर. अन् हे धरून राहिलंय."

मग ते वळले आणि दाराकडे निघाले. त्यांचं घर समोरच, रस्ता ओलांडला की.

"कुठं निघालात? वारा थांबू द्या."

"थांबल्यावर काय उपेग?" तातेराव म्हणाले. "पोरगी वाऱ्याला भ्याली हाय, मास्तर. वारा चालू असतानाच तिला हितं बसू द्या."

थोड्या वेळानं ते नातीला घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. पेमानं आधी एकच डोळा बाहेर काढला, मग हात. आजोबांनी तिची मूठ तारेवर ठेवली. झोत आला. तिनं डोळे गच्च मिटले, छप्पर कडाडलं, आणि तार तिच्या मुठीत ताठ उभी राहिली. दुसरा झोत आला तेव्हा तिचे डोळे उघडे होते. तिसऱ्याला तिनं घोंगडी खाली टाकली आणि मास्तरांना विचारलं, "माझी नवी पाटी कवा आणता?"