बांधालगतचा मका

थोरलीने कणीस सोललं आणि तिचं तोंड वाकडं झालं. पांढऱ्याशुभ्र ओळींत सात-आठ पिवळे दाणे बसले होते. ती तशीच बांधावर गेली. पलीकडे धाकटी जाऊ आपला पिवळाधमक मका मोडत होती.

"हे बघ तुझे प्रताप. तुझ्या तुऱ्यांची धूळ वाऱ्यानं इकडे आली. बांधालगतचा माझा सगळा मका बाटला."

"वाऱ्याला मी कशी अडवू, जाऊबाई?"

"माणसं खातात तो मका पेरायचा होतास. हे गुरांचं खाद्य. पण तुला काय फरक कळणार म्हणा."

"बेकरीवाल्याला कळतो," धाकटी म्हणाली. "तुमच्या अंड्यांचा बलक आजाऱ्याच्या तोंडासारखा दिसतो, म्हणत होता."

हे थोरलीला झोंबलं. बारा वर्षं बेकरीला तिचीच अंडी जात होती. आता धाकटीच्या अंड्यांपुढे तिच्या अंड्यांचे केक पांढरट दिसतात म्हणून त्याने पंधरा दिवसांची मुदत दिली होती; नाहीतर तो धाकटीकडे जाणार होता. थोरलीने कोंबड्यांच्या पांढऱ्या मक्याच्या खाद्यात मूठ-मूठ हळद कालवून पाहिली. कोंबड्यांच्या चोची पिवळ्या झाल्या, बलक होता तसाच राहिला.

घरी येऊन ती बाटलेली कणसं निवडायला बसली. पिवळा दाणा दिसला की नखाने उचकटायचा आणि मागे न बघता अंगणात भिरकावायचा.

"दळणात गेले तर कुणाला कळणार आहे?" नवरा म्हणाला.

"मला कळेल."

दोन्ही वेळ हाच उद्योग. मागे कोंबड्या टपलेल्या असत.

पंधराव्या दिवशी बेकरीवाल्याने बशीत अंडं फोडलं. थोरली गोठ्याकडे बघत उभी राहिली.

"घातलात ना शेवटी पिवळा मका, वहिनी?"

तिने वळून पाहिलं. बलक पिवळाजर्द होता.

"आमच्या घरात तो मका येत नाही."

"मग रंग आभाळातून पडला? दाण्यातलाच रंग बलकात उतरतो. हळदीचा उतरत नाही."

थोरलीची नजर अंगणात गेली. कोंबड्या माती उकरत होत्या.

"उद्यापासून किती डझन?" तिने विचारलं.

पुढच्या पेरणीला ती बांधावर आली, तेव्हा धाकटी विहिरीकडच्या टोकाला पाभर जुंपत होती.

"यंदा लांबच पेरतेय, जाऊबाई. तुमचा मका बाटायला नको."

"कुणी सांगितलं शहाणपण करायला? तुझा तो गुरांचा मका गेल्या वर्षीसारखा बांधाला चिकटून पेर."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "मग तुम्हीच चार ओळी पेरा की."

थोरलीने पदर झटकला.

"माझ्या रानात? असला मका?"