तहानेची चिठ्ठी

सुंदरबाईला त्या वर्षी सगळ्यांचाच राग आला होता. ख्रिस्ती वस्तीच्या पाळकांचा होता, पंचांचा होता, शेजाऱ्यांचा होता आणि सगळ्यात जास्त देवाचा होता. पण देव काही तावडीत सापडत नव्हता, म्हणून ती बाकीच्यांची हजेरी घेत होती.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात गिरणेकाठच्या त्या गावात गॅस्ट्रोची साथ आली आणि पंधरा दिवसांत एकोणीस माणसं घेऊन गेली. त्यांत अकरा लेकरं होती आणि त्या अकरांत सुंदरबाईची सहा वर्षांची नात एस्तेर होती. मुलगा आणि सून सुनंदा सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला, म्हणून पोर आजीजवळ राहायची. पोर गेल्याचं कळून दोघं तिसऱ्या दिवशी पोचले. सुनंदाने एकच विचारलं, "आत्याबाई, बठ्ठं करं ना तुम्ही?"

सगळं केलं, अशी सुंदरबाईने मान हलवली. ती मान खोटी हलली होती. जुलाब लागले की पोटात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि गावानेही तेच सांगितलं. पोर सकाळपासून पाणी मागत होती. सुंदरबाईने माठावरचा तांब्या उचलून फळीवर ठेवला, ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसले आणि प्रार्थना करत बसली. बैलगाडी भडगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेली. तिथल्या डॉक्टरने विचारलं, पाणी पाजत होता की नाही? तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं.

दहा दिवसांनी सरकारी माणसं रंगाचे डबे घेऊन आली आणि नेमक्या तिच्या दारासमोरच्या भिंतीवर लिहून गेली, की जुलाब झाले तरी पाणी पाजत राहा. वरातीमागून घोडं. रोज अंगण झाडताना ती अक्षरं समोर. एके सकाळी तिने शेणकाल्याची बादली त्या भिंतीवर रिकामी केली. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणोत बापडे.

भेटायला येणाऱ्यांनी तर जीव नकोसा केला. देवाने आपल्या बागेसाठी फूल खुडलं, असं कोणीतरी म्हणालं, तर तिने विचारलं की देवाच्या बागेत फुलांचा एवढा दुष्काळ पडलाय का. त्यानंतर येणारे कमी झाले. एके काळी बायकांची प्रार्थनासभा चालवणारी सुंदरबाई देवळाची पायरी चढेनाशी झाली.

अशात मार्चअखेरीस पाळक जीवराम अर्पणाची थैली घेऊन तिच्या दारात उभे राहिले. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन भक्ती चालते आणि क्रूसावर प्रभू जे सात उद्गार बोलला त्यांवर सात जण बोलतात. आजवर हे सातही मोतीलाल पंचच वाटायचे आणि पुरुषांनाच वाटायचे. या नव्या पाळकांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि त्यांत बायकांनाही धरलं होतं. पाळकांना वाटेला लावण्यासाठीच सुंदरबाईने थैलीत हात घातला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पाचवा. तहान.' म्हणजे क्रूसावरून प्रभू म्हणाला ते, मला तहान लागली आहे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही सगळ्या चिठ्ठ्यांवर हेच लिहिलंय, असं ती पाळकांना तोंडावर म्हणाली. त्या बिचाऱ्यांनी थैली ओट्यावर उलटी केली. उरलेल्या तिन्ही चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या.

ती चिठ्ठी परत करणारच होती. पण संध्याकाळी मोतीलाल पंच उपकार करायला आले. म्हणाले, अक्का, हे बायकांचं काम नाही, द्या इकडं, मी दरवर्षी बोलतोच की ती तहान पाण्याची नव्हती, आत्म्यांच्या तारणाची होती. झालं. सुंदरबाईने चिठ्ठी कमरेच्या पिशवीत कोंबली आणि त्यांना सांगितलं, की उन्हात टांगलेल्या माणसाला पाणीच लागतं, पंच.

शुक्रवारी देवळाचे पत्रे तापून कडकड वाजत होते. उपास असल्यामुळे भक्ती संपेपर्यंत कोणी पाणी घेत नव्हतं. सणासाठी सुरतेहून आलेली सुनंदा बायकांच्या सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला पाहिलं आणि सुंदरबाईला वाटलं, अजूनही चिठ्ठी मोतीलालच्या हातात द्यावी आणि घरी जावं. आज तोंड उघडलं तर सून कायमची जाईल आणि पोरगाही जाईल. नाही उघडलं तर पुन्हा एकदा खोटी मान हलवल्यासारखं होईल, तेही क्रूसासमोर.

पाचवा पुकारला गेला. ती उठली.

"प्रभूनी पानी मांगं," ती म्हणाली. "जवळ मानसं व्हतात, त्यासनी दिन्हं नही, आंबट आंब दिन्हं. मनी नात एस्तेरनी पानी मांगं. तांब्या घरमां व्हता. मी दिन्हं नही."

मग मागून बेबाबाई उठून उभी राहिली, जिचा धाकटा त्याच आठवड्यात गेला होता. "मीबी नही दिन्हं," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. आणखी दोघी पदरात तोंड घालून रडू लागल्या. नऊ महिने या गावातली एकेक बाई हेच एकटीने गिळत होती आणि सुंदरबाईला वाटत होतं की पापी ती एकटीच.

तेवढ्यात सुनंदा उठली आणि कोणाकडे न बघता बाहेर निघून गेली. सुंदरबाईने पाहिलं. पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर जीभ टाळ्याला चिकटलेली. संपलं, तिला वाटलं. सून गेली. तिने व्यासपीठाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

सुनंदा परत आली. तिच्या हातात देवळाच्या ओट्यावरच्या माठातलं पाणी होतं, तांब्याभर. डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर माफीबिफी काही नव्हती. वाटभर पाणी सांडत आलं होतं.

"प्या, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमनं बोलनं बाकी शे."

मोतीलाल पंचांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पाळकांकडे. पाळक खाली मान घालून बसले होते. सुंदरबाईने भर उपासात, भर देवळात तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायली. मग पदराने तोंड पुसलं. देवावरचा राग गेला नव्हता, पण आज देव पहिल्यांदा तावडीत सापडला होता, तोही तहानलेला. तिने सुनेकडे बघत उरलेलं सांगितलं.

"तहान काय राहस, ते त्याले माहीत शे. मी नही दिन्हं. तठे वर त्यानी तिले दिन्हं व्हई."