लाल पिपाण्यांची कोरडी जागा

पाखरं आपल्या अंगणात आली, तर युफेलियाला नवरा परत मिळणार होता. अख्खा नव्हे, रोज दुपारी तीन ते सहा एवढाच. उरलेला तिच्याकडे होताच, जेवायला, घोरायला आणि "माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यास" म्हणून विचारायला. पण खाणीतून निवृत्त झालेल्या डेल्फिनोचा जो भाग जागा आणि खुशीत असे, तो नेमका त्या तीन तासांत शेजारच्या पोर्फिरियाच्या ओसरीवर बसलेला असे.

त्यात वावगं काही नव्हतं. पोर्फिरिया सत्तरीची विधवा, गुडघ्यांनी बेजार, आणि दोघांच्या खुर्च्यांमध्ये एखादी गाय आरामात उभी राहील एवढं अंतर. युफेलियाने ते कुंपणावरून डोळ्यांनी मोजून घेतलं होतं. वावगं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. डेल्फिनो जायचा तो हमिंगबर्ड बघायला. पोर्फिरियाच्या खडकाळ अंगणात जून लागला की लाल पिपाण्या फुलत. कमरेएवढ्या काटकुळ्या काड्या, त्यांना नळीसारखी लालभडक फुलं, आणि त्यात चोच खुपसायला अंगठ्याएवढी पाखरं पंखांनी शिट्टी वाजवत येत.

युफेलियाने आधी साखरपाण्याची बाटली टांगून पाहिली. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या, दुसऱ्या दिवशी गांधीलमाश्या. तिसऱ्या रात्री अस्वल आलं आणि बाटली घेऊन गेलं. मग तिने ताओस शहरातल्या नर्सरीतून पिपाण्यांचीच सहा रोपं आणली आणि ओसरीसमोर लावली.

तिथे तिचा पाट आडवा आला. युफेलियाच्या घराची पाण्याची पाळी गावात सगळ्यात जुनी, दर शनिवारी सकाळी चार तास. या गावात पाळी सोडून देणं म्हणजे घरात मयत झाल्याची दवंडी पिटणं. दारावरून वाहतं पाणी रिकामं जाणं युफेलियाला बघवत नसे. फावडं घेऊन ती ते कशाच्या ना कशाच्या मुळाशी वळवायचीच. पिपाण्यांना तिने मिरचीच्या वाफ्यासारखं जपलं. मेंढीचं लेंडीखत घातलं, शनिवारी वाफा तुडुंब भरला. रोपं आधी तरारली, मग लवंडली आणि ऑगस्टमध्ये बुडापासून काळी पडून कुजली.

उलट पोर्फिरियाच्या नवऱ्याने मरण्यापूर्वी पाण्याचा हक्क खालच्या हॉटेलवाल्यांना विकून टाकलेला. तिच्या अंगणात पाटाचा थेंब येत नसे. गाव तिला 'बिनपाण्याची' म्हणे, आणि हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं ते युफेलियाला चांगलं आठवत होतं.

"तुझी ती बाई झाडांना करते तरी काय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? एवढी फुलं!"

"तेच सांगतोय. काही करत नाही."

शेवटी ऑक्टोबरात बडीशेप घातलेली बिस्किटं फडक्यात बांधून युफेलिया स्वतःच फाटकातून आत शिरली.

"ये बाई," पोर्फिरिया खुर्चीतूनच म्हणाली. "तीन वर्षांनी पायधूळ झाडलीस. कोण गेलं?"

"माझी रोपं गेली."

"गेली कशाला म्हणतेस, बुडवलीस म्हण."

युफेलियाने ते गिळलं. "मग पाणी किती घालायचं?"

"पहिल्या उन्हाळ्यात मान टाकली तर घोटभर. पुढे तेही नाही."

"आणि खत?"

"खत घातलंस तर पुढच्या वर्षी पुन्हा बिस्किटं घेऊन येशील." तिने एक तोंडात टाकलं. "घाल हवं तर. बिस्किटं बरी झालीत."

मग ती गुडघे सावरत आत गेली आणि एका जुन्या पाकिटात बी घेऊन आली. युफेलियाने हुंगलं. "शी! डेल्फिनोच्या मोज्यांचा वास येतोय याला."

"म्हणजे चांगलं आहे. बर्फ पडायच्या आत खडीवर टाक. थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही. येत्या उन्हाळ्यात नुसती पानं, फुलं त्याच्या पुढच्यात."

"दोन वर्षं?"

"तुला कुठे जायचंय?"

युफेलिया उठली, फाटकापर्यंत गेली, आणि जे विचारायचं नाही असं ठरवून आली होती तेच विचारून बसली. "तुम्ही दोघं तीन-तीन तास बोलता तरी काय?"

"बोलतो?" पोर्फिरियाने आठवून पाहिलं. "जुलैत एकदा तो म्हणाला, 'तांबडा आला.' मी म्हटलं, 'हो.'"

घरी येताना युफेलियाने त्या जुलैतली आपली बोलणी आठवली. छप्पर, गोळ्या, मुलाचा न आलेला फोन, बूट बाहेर काढ. शनिवारच्या पाळीसारखी तुडुंब, आणि तीही रोजच्या रोज.

तिच्या जागेत कोरडी खडी एकाच ठिकाणी होती, ओसरीसमोर अकरा वर्षं बंद पडलेल्या ट्रकखाली. ट्रक ओढून न्यायला लावला, बी फेकलं. ओल झिरपू नये म्हणून ओसरीकडचा पाटाचा फाटा मातीने बुजवला. त्या फाट्याच्या पाण्यावर एक जर्दाळूही होता, सासूने लावलेला. युफेलिया फावड्यावर हनुवटी टेकून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग उरलेली माती ओढली.

वसंतात पाटाच्या पाळ्या बघणारा सिप्रियानो पाटकरी दारात थांबला. "मावशी, ओसरीचा फाटा बंद? घरात कोणी वारलं की काय?"

"माझी एक खोड वारली. तिचं सुतक पाळतेय."

पहिल्या उन्हाळ्यात जमिनीला चिकटलेली पानं तेवढी आली. दर शनिवारी युफेलिया फावडं घेऊन तिथवर जायची आणि तसंच परत आणायची. तुडुंब भरून आलेला पाट अडवायला जेवढा जोर लागेल तेवढा त्यात लागायचा.

दुसऱ्या जूनमध्ये अकरा काड्या वर आल्या. एका दुपारी डेल्फिनो टोपी घालून निघाला आणि पायरीवरच थबकला. हवेत शिट्टी वाजली होती. तो तिथेच पायरीवर टेकला.

युफेलिया बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात चार वाक्यं तयार होती. पायरी गार आहे, हे पहिलं. तिने चारही अडवून धरली आणि शेजारी बसली. अर्ध्या तासाने डेल्फिनो म्हणाला, "नर आहे. शिट्टी तोच वाजवतो."

"हो," युफेलिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्याने स्वतःच घरातून खुर्ची आणली.

दहाबारा दिवसांनी युफेलियाने सवयीने कुंपणावरून पाहिलं. पोर्फिरिया एकटी बसली होती. दुसरी खुर्ची मिटून भिंतीला टेकवून ठेवली होती.

"ये ना इकडे," युफेलियाने हाक मारली. "कॉफी ठेवलीय."

"माझ्या फुलांकडे कोण बघेल?" पोर्फिरिया म्हणाली. "आणि ते खताचं लक्षात ठेव."

पाखरांना दुसरं ताट मिळालं. डेल्फिनोची रोजची चाळीस पावलं वाचली. युफेलियाला तिचे तीन तास मिळाले, जर्दाळू वाळला. आणि या सगळ्याची किंमत पोर्फिरियाने दोन वर्षं आधीच चुकती केली होती, एका जुन्या पाकिटात घालून, आपण काय देतोय ते नीट ठाऊक असताना.