गेटपास नसलेला ॲशट्रे

“हा तर आमच्या हॉटेलचा!” असं म्हणत साहेबांनी माझ्या भिंतीवरचा पितळी ॲशट्रे आकड्यातून काढलासुद्धा. चहा अजून गॅसवरच होता. बसा म्हणायच्या आधी वस्तूला हात घालायची त्यांची सवय निवृत्त झाल्यावरही गेलेली नव्हती.

साहेब म्हणजे आमच्या हॉटेलचे जुने मॅनेजर. तिथे मी तेहेतीस वर्षं खोल्या झाडल्या, चादरी बदलल्या आणि पाहुण्यांची राख उचलली. आता हॉटेलला नवे मालक मिळालेत आणि रंगरंगोटी जोरात चालू आहे. आत शिरल्याबरोबर दिसणारी अख्खी भिंत म्हणे जुन्या ॲशट्रेंनी सजवायची आहे. गंमत बघा, त्या भिंतीखाली सिगारेट ओढायला मात्र बंदी असणार. जुने ॲशट्रे शोधायला साहेबांना मदतीला घेऊन सजावटीचं काम घेतलेली एक तरुण बाई आली होती. मावशींकडे एकेचाळीस ॲशट्रे आहेत, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मावशी म्हणजे मी.

“अय्या, किती गोड आहेत!” ती म्हणाली. “सर, आपल्याला हे सगळेच लागतील.”

माझ्या घरात सिगारेट ओढणारं कुणी नाही, नवराही कधी ओढत नसे. पण काचेला पैलू कसे पाडलेत, पितळेवर पानं कशी कोरलीत, हे मी रोज धुताना बघायची आणि जीव अडकायचा. भिंतीवरचे सगळे मी स्वतः तारेचे आकडे वळवून लावलेत. शिंपल्याच्या आकाराच्या ॲशट्रेत साबण राहतो, चिनी मातीच्या चौकोनी ॲशट्रेत सुनेच्या सुया आणि बटणं. लोखंडी बेडूक दाराला अडण म्हणून आहे. खिडकीत हिरव्या काचेचा एक आहे. सून लग्न होऊन आली त्या आठवड्यात म्हणाली होती, “आई, लोक भिंतीवर फोटो लावतात, तुम्ही थुंकदाण्या लावल्यात होय?” तेव्हापासून नऊ वर्षं तीच कुरकुरत सगळे पुसते.

साहेबांनी घसा साफ केला. आयुष्यभर मला अगं-तुगं करणारा माणूस आज अहो-जाहोवर आला होता. तेव्हाच मी सावध झाले.

“राग मानू नका, पण यावर हॉटेलचा शिक्का आहे. म्हणजे मालमत्ता हॉटेलची. उद्या नव्या मालकांनी चौकशी लावली तर या वयात तुम्हालाच त्रास. त्यापेक्षा गुपचूप देऊन टाका. मी सांभाळून घेतो.”

गुपचूप! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलायच्या आत सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

“गुपचूप म्हणजे काय हो? आमच्या आई चोर आहेत का?”

“तो शब्द मी वापरला नाही,” साहेब म्हणाले.

“आज नाही वापरलात,” मी म्हटलं. “हातातला उलटा करा जरा.”

त्यांनी उलटा केला. मागे डिंकाने डकवलेला पिवळट कागद होता. सुनेने मान पुढे काढून मोठ्याने वाचलं, “रक्षापात्र, पितळी, एक नग. कडेला पोचा, निकामी. बाहेर नेण्यास हरकत नाही.” मग बोट ठेवून म्हणाली, “सही कुणाची आहे, साहेब?”

सही त्यांचीच होती. आमच्या हॉटेलातून झिजलेला साबणसुद्धा गेटपासशिवाय बाहेर जात नसे. एखाद्या ॲशट्रेचा टवका उडाला, नाहीतर नवी नक्षी आली म्हणून जुना बाद झाला, की मी स्टोअरकीपरकडून चिठ्ठी लिहून घ्यायची आणि साहेबांच्या टेबलाशी उभी राहायची. ते हसत सही करायचे. “काय गं, घरी हॉटेल काढतेस की काय?” म्हणायचे. वॉचमनने शिक्का मारला की घरी आल्या आल्या मी ती चिठ्ठी मागे चिकटवायची.

सुनेला आता चेव चढला. एकेक काढून ती वाचत सुटली. रक्षापात्र काचेचे, रक्षापात्र चिनी मातीचे. दारातला बेडूकही तिने उपडा केला. चाळीस झाले. सजावटवाल्या बाईने मान खाली घातली. साहेब मात्र उठून खिडकीशी गेले, हिरवा ॲशट्रे उचलला आणि उलटा केला. मागे कागद नसल्याने त्यातून ऊन आरपार येत होतं.

“याला चिठ्ठी नाही,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला.

“नाही. तो चोरलाय.”

सून गर्रकन माझ्याकडे वळली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

“चौदा नंबरची खोली आठवते, साहेब? पाहुणीने कानातली कुडी काढून याच्यात टाकली आणि वर सिगारेट विझवली. मी नेमाप्रमाणे राखेवर आधी पाणी घातलं आणि डब्यात रिकामी केली. दुपारी बोंब झाली. तुम्ही मला जिन्यात सगळ्यांसमोर उभी केलीत. झडती घ्यायला लावलीत. पदर झटकायला लावला, जेवणाचा डबा उघडायला लावला. ‘चोर आहे ही,’ म्हणालात. राखेचा डबा दुसऱ्या दिवसापर्यंत फेकायचा नाही, हा नेम तुमचाच होता. त्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून मीच ती कुडी शोधली. तेव्हा काय म्हणालात?”

साहेबांनी हिरवा ॲशट्रे खिडकीत परत ठेवला.

“‘पुढच्या वेळी डोळे उघडे ठेव.’ एवढंच. संध्याकाळी हा ॲशट्रे मी जेवणाच्या डब्यात घातला आणि गेटातून ताठ मानेने बाहेर आले. दुपारी झडती झालेला डबा परत कोण उघडतो? तुम्ही मला चोर म्हणाला होतात. म्हटलं, साहेबांचा शब्द खोटा पडायला नको.”

मग साहेबांनी खिशातून पेन काढलं. “द्या एखादा कागद,” ते हळू आवाजात म्हणाले. “मागची तारीख टाकून सही करतो.”

“नको. चाळीस मी तुमच्याकडे मागून आणलेत. हा एक मागितलेला नाही. तो तसाच राहील, आणि भिंतीवरचाही एक हलणार नाही. नव्या मालकांना सांगा, चौकशी लावायची तर खुशाल लावा. मी घरीच असते.”

सजावटवाली बाई उठली. पितळी ॲशट्रे तिने आपल्या ओढणीने पुसला आणि न सांगता पुन्हा आकड्यात अडकवला. साहेबांनी सिगारेट पेटवली. दोन झुरक्यांत राख लांबली, आणि सवयीने त्यांचा हात हिरव्या ॲशट्रेकडे गेला.

“तिथे नाही, साहेब.”

“मग कुठे?”

“बाहेर.”

त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. मग डाव्या हाताचा तळवा सिगारेटखाली धरला आणि जपून पावलं टाकत अंगणात गेले. खिडकीतून मला दिसत होतं. सिगारेट त्यांनी चपलेखाली विझवली होती, पण मुठीतली राख कुठे टाकावी हे काही त्यांना सुचत नव्हतं. अंगण सुनेने नुकतंच झाडलं होतं.

“आई,” सून हळूच म्हणाली, “एखादा नेऊन देऊ का त्यांना?”

“नको. पाणी घेऊन जा. राखेवर आधी पाणी घालायचं असतं.”

ती पेला भरून बाहेर गेली. साहेबांनी मुकाट्याने हात पुढे केला.