एकदाच वापरायची सुई

मी एक जुनी सुई आहे. मित्रांनो, इंजेक्शनच्या सुईनं जुनं व्हायचंच नसतं. कारखान्यात मला नळीला जोडलं, टोपण घातलं आणि हवाबंद पाकिटात ठेवलं. पाकिटावर छापलं होतं, 'एकदाच वापरा'. एखाद्या तान्ह्या बाळाला लस टोचावी आणि आपलं काम संपावं, एवढीच माझी इच्छा होती.

पिरंगुटच्या औषधाच्या दुकानातून मला मल्हारनं नेलं. मेंढरं राखणाऱ्या म्हसूचा हा मुलगा उरवड्याच्या एका कंपनीत कामाला होता. शेजारच्या मशीनवरच्या सौरभनं त्याला नशेची चटक लावली. आधी गंमत, मग सवय, आणि मग नशा मिळाली नाही की अंग मोडून यायचं. पाळी सुटली की दोघं भूगावच्या एका अर्धवट इमारतीत जाऊन बसत.

पिरंगुटच्या स्टँडजवळ एका संस्थेची गौतमी नशा करणाऱ्यांना रोग लागू नये म्हणून नव्या सुया फुकट द्यायची आणि जुन्या परत घ्यायची. तिनं मल्हारला बजावलं होतं, "सुई, पाणी, कापूस, काहीच दुसऱ्याचं वापरू नका. पाण्यानं रक्त दिसेनासं होतं, जात नाही." पण गावातलं कुणी बघेल या लाजेनं तो पुन्हा तिच्याकडे गेला नाही. म्हणून मी जुनी झाले.

तरी मी एकट्या मल्हारची होते. मग एक दिवस सौरभ रिकाम्या हातानं आला. घामानं निथळत होता, दात वाजत होते. मल्हारला बघवेना. त्यानं आपल्यातलीच नशा भरून मला सौरभच्या हाती दिलं. नंतर बाटलीतल्या पाण्यानं खळखळून धुतलं, उजेडात धरून पाहिलं. मी स्वच्छ दिसले. ते दिसणंच त्याला भोवलं. पुढे हे नेहमीचंच झालं. माझं टोपण हरवलं, टोक बोथट झालं.

एकदा मल्हारची बायको उज्वला कपडे धुवायला बसली. मी त्याच्या शर्टाच्या खिशात, कागदात गुंडाळलेली होते. तिनं खिसा चाचपला आणि मी तिच्या बोटात रुतले. मित्रांनो, मला मागं सरता येत नव्हतं.

सासू तुकाबाई म्हणाली, बोटाला हळद लाव, थांबेल रक्त. मल्हार दारातच उभा होता. पाठीच्या दुखण्याची इंजेक्शनं घेतो, असं त्यानं घरी सांगितलं होतं. तेच पुढं रेटलं असतं तर अब्रू राहिली असती. तो आत आला आणि त्यानं मला उचललं.

"उज्वला, ही दवाची न्हाई. नशेची हाय," तो म्हणाला. "आन सौरभनं पन वापरलीय."

उज्वलानं बोट पदरात धरलं होतं.

"मग आता मला काय हुईल?"

"ठावं न्हाई. साबनानं हात धू आन चल. गौतमीताईस्नी इचारू."

गौतमी एक शब्दही वाकडा बोलली नाही. लगेच आलात हे बरं झालं, लागण रोखायचं औषध उशीर झाला की लागू पडत नाही, असं म्हणून तिनं मला जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकलं आणि दोघांना सरकारी दवाखान्यात नेलं. सुई परत आणणारे थोडेच. डबा भरेना, म्हणून मी तिच्या कार्यालयातच पडून राहिले आणि पुढचं ऐकत गेले.

मल्हारला एचआयव्हीची लागण झाली होती. उज्वला महिनाभर गोळ्या घेत राहिली. गोळ्यांनी तिला मळमळायचं, अन्न नको व्हायचं. त्यानंतरही तपासण्या होतच राहिल्या. शेवटच्या तपासणीतही तिला लागण निघाली नाही, ती सुटली. त्या दिवशी ती हसली नाही.

मल्हार नशा सोडायच्या उपचाराला लागला होता, घराबाहेरच राहत होता. त्यानं विचारलं, घरी येऊ का?

"तुमी खरं बोलला म्हनून मी वाचले," ती म्हणाली. "पन तुमच्यामुळंच मरत व्हते. आत्ता न्हाई. तुमच्या गोळ्या मातर चुकवू नका."

ती एकटीच बसनं गेली.

आता डबा भरला आहे आणि मला भट्टीत जायचं आहे. मित्रांनो, रस्त्यात माझ्यासारखी सुई दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि सौरभ कामावर यायचा बंद झाला, तो अजून सापडलेला नाही. गौतमी त्याला शोधतेच आहे. तुम्हाला तो भेटला तर त्याला हिणवू नका. तपासणी होते, औषध मिळतं, एवढं त्याला सांगा. त्याच्या हातात आज कुणाची सुई आहे, मला माहीत नाही.